पिकवितों तें आपण खातों काय ?

शेतकीविषयक मासिकांतून बियाण्याची निवड, खतांची मात्रा, किडींचा बंदोबस्त व बाजारभाव यांचा ऊहापोह नित्य होत असतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु पीक खळ्यांतून घरांत आल्यावर त्याचें पुढें काय होतें, हा विचार मात्र शेतकीच्या कक्षेबाहेरचा समजला जातो. तो विषय स्त्रियांचा, चुलीजवळचा, असें म्हणून पुरुषवर्ग मोकळा होतो. ही समजूत आमच्या मतें शेतकऱ्याच्या नुकसानीची आहे.

जो शेतकरी म्हशीकरितां पेंड विकत घेतांना ती हातांत चुरून, वास घेऊन, तींत भेसळ नाहीं अशी खात्री करून घेतो, तोच मुलाच्या हातीं बिस्किटांचा पुडा देतांना त्यावरील बारीक अक्षरें वाचण्याची तसदी घेत नाहीं. गुरांच्या वैरणीचा वर्षाचा अदमास ज्यास तोंडपाठ असतो, त्यास आपल्या कुटुंबास वर्षाला तांदूळ किती, नाचणी किती व कडधान्य किती लागतें असें विचारलें, तर तो ‘घरांत विचारून सांगतों’ म्हणतो. प्रस्तुत लेखांत याच विषयाचा, विशेषेंकरून रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीनें, विचार करण्याचें योजिलें आहे.

घरचें विकावें, बाहेरचें आणावें

रत्नागिरी जिल्ह्यास निसर्गानें धान्याचीं विस्तीर्ण मैदानें दिलीं नाहींत. परंतु ताटांतील विविधतेच्या बाबतींत हा जिल्हा दरिद्री खास नाहीं. खलाटीचें भात, वरकस जमिनींतील नाचणी व वरी, भात काढल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर होणारे कुळीथ, वाल, पावटे व चवळी, परसांतील नारळ, केळी, अळू व पडवळ, बांधावरील फणस, काजू व रातांबा, पहिल्या पावसाबरोबर आपोआप उगवणारा टाकळा, कुर्डू व भारंगी, आणि किनाऱ्यालगत ताजी व सुकी मासळी. एवढा शिधा हाताच्या अंतरावर मिळणें हें भाग्य पुष्कळ जिल्ह्यांस लाभलेलें नाहीं.

असें असतां आज अनेक घरांतील स्थिति काय आहे? रातांबे झाडाखालीं कुजतात आणि पाहुण्यापुढें रंगीत शीतपेयाची बाटली येते. नारळ व्यापाऱ्याकडे जातो आणि वाटणाची तयार पुडी दुकानांतून येते. कुळथाच्या पिठाच्या डब्याची जागा झटपट शिजणाऱ्या शेवयांच्या पाकिटांनीं घेतली आहे. सकाळची पेज, मऊ भात, घावन व आंबोळी मागें पडून त्या जागीं चहाबरोबर टोस्ट व खारी आली आहे. जें आपण स्वस्त विकतों, त्याच्याच बदलीं कमी कसाचें व महाग असें आपण घरीं आणतों.

याचीं कारणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. या जिल्ह्यांतील तरुण माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आला आहे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, येणें-जाणें सुलभ झालें, तथापि गेलेले हात शेतांत परतले असें झालें नाहीं. मागें राहिलेल्या दोघां वृद्धांसाठीं जातें मांडण्याचा वा उखळ धुण्याचा उत्साह कोणास राहणार? दुसरें कारण, वानरें व रानडुकरें यांच्या उपद्रवामुळें नाचणी व कडधान्यें घेण्याचें पुष्कळांनीं सोडलें आणि वरकस जमिनी पड राहिल्या. तिसरें कारण, स्वस्त धान्याच्या दुकानांतील तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें गरिबाच्या घरीं धान्य पोंचलें ही गोष्ट लहान नाहीं, व तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्याच्या मालकीची खलाटी आहे, त्यानेंही ती पड टाकून दुकानाच्या पांढऱ्या तांदळावर विसंबावें, हें त्याच्या जमिनीच्या व प्रकृतीच्याही हिताचें नव्हे.

कोणती प्रक्रिया घातक ?

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धान्यावर प्रक्रिया करणें हें वाईट नाहीं. पोहे कांडणें, पापड लाटणें, आंब्याचीं साठें घालणें, मासळी खारविणें, या सर्व प्रक्रियाच होत. त्यांवांचून कोंकणचा पावसाळा निभला नसता. ब्राझील देशांतील साओ पाउलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोंतेरो यांनीं २००९ सालीं अन्नाची जी वर्गवारी सुचविली, तींत हाच भेद केलेला आहे. घरच्या स्वयंपाकांत जें वापरतात तेंच वापरून टिकविलेलें अन्न एका बाजूस. आणि स्वयंपाकघरांत कधीं न आढळणारे रंग, स्वाद, पायसकारक द्रव्यें व कारखान्यांत पृथक् केलेलीं पिष्टें व तेलें एकत्र करून बनविलेला माल दुसऱ्या बाजूस. या दुसऱ्यास ते अतिप्रक्रियित अन्न म्हणतात.

या अन्नाचा परिणाम काय होतो, याचा एक चोख प्रयोग २०१९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. तेथील सरकारी आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं वीस निरोगी माणसांस चार आठवडे आपल्या देखरेखीखालीं ठेविलें. दोन आठवडे अतिप्रक्रियित अन्न व दोन आठवडे साधें शिजविलेलें अन्न, असा क्रम होता. दोन्ही प्रकारच्या ताटांत साखर, स्निग्ध, मीठ व तंतु हीं सारख्याच प्रमाणांत वाढलेलीं होतीं, आणि किती खावें याची ज्याची त्यास मोकळीक होती. अतिप्रक्रियित अन्नाच्या दोन आठवड्यांत तींच माणसें दररोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खाऊं लागलीं व त्यांचें वजन सरासरी ०.९ किलोनें वाढलें. साध्या अन्नाच्या दोन आठवड्यांत तितकेंच उतरलें. म्हणजे अशा अन्नाचा दोष केवळ त्यांतील साखर-तेलापुरता नाहीं. पोट भरल्याची खूण मनुष्यास वेळेवर पटूं नये, असाच त्याचा गुण आहे.

आपल्या देशांतही हा प्रश्न श्रीमंतांपुरता राहिलेला नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटि १० लक्ष आहेत. एके काळीं शहरी व बैठ्या माणसाचा म्हणून ओळखला जाणारा हा रोग आतां खेड्यांतही आढळतो.

पुड्यावरील अक्षरें वाचण्याची एक सोपी रीत आम्ही सांगतों. कायद्याप्रमाणें पुड्यांत घातलेले पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. जें सर्वांत अधिक तें प्रथम. नाचणीच्या म्हणून घेतलेल्या बिस्किटांवर पहिलें नांव मैद्याचें व दुसरें साखरेचें असेल, तर तीं बिस्किटें कशाचीं हें सांगावयास दुसरा पंडित नको.

भाताच्या दाण्याची वांटणी

आतां आपल्या मुख्य अन्नाकडे वळूं. भाताच्या दाण्याचीं तीन अंगें ध्यानांत ठेवावीं. बाहेर तूस, तें माणसानें खाण्याजोगें नाहीं. त्याच्या आंत तांबूस पातळ साल व एका टोकास अंकुर. यांचा कोंडा होतो. सर्वांत आंत पांढरा गर. शंभर भाग भातांत स्थूलमानानें वीस भाग तूस, आठ ते दहा भाग कोंडा व बाकीचा गर असा हिशेब येतो. गरांत मुख्यतः पिष्ट आहे. ब वर्गांतील जीवनसत्त्वें, विशेषतः थायमिन, तसेंच तेल, तंतु व क्षार यांचा मोठा वांटा कोंड्यांत व अंकुरांत असतो.

पूर्वी कोंकणांत भात घिरटावर भरडीत, तूस सुपानें पाखडीत व मग व्हायनांत घालून मुसळानें सडीत. सडण्याचे हात जितके कमी, तितका तांदूळ तांबूस व कसदार राही. गिरणी आल्यावर दाणा दोनदां-तीनदां घांसून पांढराशुभ्र करण्याची चाल पडली. तसा तांदूळ दिसावयास सुरेख व शिजावयास हलका. परंतु त्यांतील थायमिनपैकीं फारच थोडें मागें उरतें, व जें उरतें त्यांतीलही कांहीं तांदूळ वारंवार चोळून धुण्यांत व भाताची पेज ओतून टाकण्यांत जातें. कोंडा गोठ्यांत जातो. दाण्यांतील कस म्हशीस व उरलेलें पांढरें पिष्ट मुलांस, अशी ही वांटणी होते.

या गोष्टीचा शोध कसा लागला, तो इतिहास शेतकऱ्यास मनोरंजक वाटेल, कारण त्याचा आरंभ कोंबड्यांच्या खुराड्यांत झाला. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८९० नंतरच्या दशकांत, जावा बेटावरील बटाव्हिया शहरीं ख्रिस्तियान आयकमन नांवाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. या रोगांत हातापायांतील शक्ति जाते व हृदय दुर्बळ होतें. त्यांच्याकडील कोंबड्या अकस्मात् तशाच लक्षणांनीं पंगु झाल्या व कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं कळलें कीं मधल्या काळांत त्यांस लष्करी इस्पितळांतील शिजविलेला पांढरा तांदूळ घालीत. पुढें नव्या आचाऱ्यानें तो देण्याचें नाकारल्यामुळें साधा असडी तांदूळ सुरू झाला होता. हेंच पुढें कोंड्यांतील जीवनसत्त्वाच्या शोधाचें मूळ ठरलें व आयकमन यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं १९१८ सालीं निलगिरींतील कुन्नूर येथें बेरीबेरीचीच चौकशी हातीं घेतली. तिच्यांतून जी संस्था वाढली, ती १९५८ सालीं हैदराबादेस नेण्यांत आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. गांधीजींनीं १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापिला व वर्ध्यास त्याचें ठाणें केलें, तेव्हां हातसडीचा तांदूळ, घाणीचें तेल व गूळ हे त्याच्या कार्यक्रमाचे मुख्य विषय होते. हातसडीस संरक्षण मिळावें या हेतूनें १९५८ सालीं भातगिरण्यांवर निर्बंध घालणारा कायदाही झाला. तो कायदा पुढें रद्द झाला. परंतु त्यामागील वैद्यकीय सत्य रद्द झालेलें नाहीं.

उकड्या तांदळाविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत भात भिजवून, वाफवून, उन्हांत वाळवून मग सडण्याची जुनी चाल आहे. वाफेच्या योगानें सालींतील थायमिन दाण्याच्या आंत शिरतें, व पुढें तो तांदूळ गिरणींतून काढला तरी त्याचा बराच भाग टिकतो. उकड्या तांदळाच्या पेजेस कष्टकऱ्याचें अन्न म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

मग पुनः मुसळ हातीं घ्यावें काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. गिरणी ही शत्रु नव्हे. तिच्यांतून दाणा किती वेळ घांसून घ्यावयाचा, हा प्रश्न आहे. रबरी रुळाच्या गिरणींत तूस काढणें व पांढरें करणें हीं दोन कामें निराळीं असतात. पहिलें काम झाल्यावर तांदूळ काढून घेतां येतो, किंवा फार तर एकच हलका हात देतां येतो. भात आपलें आहे व दळणावळ आपण देतों. तेव्हां गिरणीवाल्यास तसें स्पष्ट सांगावें. मात्र एक खबरदारी घ्यावी. कोंड्यांत तेल असल्यामुळें असा तांदूळ फार दिवस ठेविल्यास खवट होतो. म्हणून भात कणगींत तसेंच ठेवावें व पंधरवड्यापुरतें वा महिन्यापुरतेंच काढून आणावें. असा तांदूळ शिजविण्यापूर्वीं तासभर भिजत घातला म्हणजे तो मऊ होतो. घरांतील मंडळींस त्याची चव लागेपर्यंत प्रथम पांढऱ्या तांदळांत निम्मा मिसळावा.

नाचणी व कुळीथ

तांदळानंतर नाचणी. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. पांढऱ्या तांदळांत तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. नाचणी सालीसकट दळली जात असल्यामुळें तिचा कस गिरणींत नाहींसा होत नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हांपासून शहरांतील दुकानांत नाचणीस मान आला. आणि ती आपल्याच डोंगरउतारावरून नाहींशी होऊं लागली आहे.

लहान मुलांसाठीं डबाबंद पिठें आणण्यापूर्वीं घरच्या सत्त्वाचा विचार करावा. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी. पाणी काढून ओल्या फडक्यांत एक-दोन दिवस बांधून ठेवावी. बारीक मोड आले कीं सावलींत सुकवून मंद आंचेवर भाजावी, दळावी व वस्त्रगाळ करावी. मोड आल्यानें तिच्यांतील पिष्ट पचावयास हलकें होतें व क्षारही अंगीं अधिक लागतात. मूल सहा महिन्यांचें झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीस ही पातळ लापशी साखरेवांचून देतां येते. मोठ्यांसाठीं भाकरी, आंबील व घावन आहेतच.

कुळथाची योग्यता आपण विसरलों आहों. त्यांत शेंकडा बावीसच्या आसपास प्रथिनें असतात, व भात निघालेल्या शेतांत पाण्यावांचून, खतावांचून तो पदरीं पडतो. शिवाय द्विदल पीक असल्यामुळें तो जमिनीचाही कस राखतो. कुळथाचें पीठ घरांत असलें म्हणजे पिठी पंधरा मिनिटांत होते. ‘झटपट’ म्हणून मिरविणाऱ्या कोणत्याही पाकिटास याहून फारसा कमी वेळ लागत नाहीं. भात व कडधान्य एकत्र खाल्ल्यानें एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसऱ्यानें भरून निघते, ही गोष्ट आतां शास्त्रानें सिद्ध आहे. आमटी-भात व पिठी-भात जेवणारांनीं ती फार पूर्वीच पाळली.

तूप, तेल व पेय

चकाकणाऱ्या डब्याच्या मोहाची एक जुनी हकीगत येथें सांगण्याजोगी आहे. १९३७ सालीं डालडा या नांवाचें वनस्पति तूप हिंदुस्थानच्या बाजारांत आलें. तेलांत हायड्रोजन वायु मिसळून तें घट्ट करितात. तें साजुक तुपासारखें दिसतें, स्वस्त पडतें व टिकतें. दोन पिढ्यांनीं तें सणावारांस निःशंक वापरलें. पुढें असें दिसून आलें कीं या क्रियेंत जे विपरीत मेदाम्ल उत्पन्न होतात, ते हृदयविकारास निमंत्रण देतात. शेवटीं १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशांत खाद्य तेलांत व वनस्पति तुपांत त्यांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असा नियम झाला. बाजारांत आल्यापासून नियम होईपर्यंत ८५ वर्षें गेलीं. नव्या पदार्थाचा दोष कळावयास इतका अवधि लागत असेल, तर ज्याची परीक्षा अनेक पिढ्यांच्या जेवणांत झाली आहे तेंच अन्न पायाशीं धरून ठेवणें शहाणपणाचें होय.

याचा अर्थ घरचें सर्वच निर्दोष असा मात्र कोणी करूं नये. लोणचें, पापड व खारी मासळी यांत मीठ पुष्कळ असतें, आणि दिवसाकांठीं पांच ग्रॅमहून अधिक मीठ पोटांत जाऊं नये असें वैद्यकशास्त्र सांगतें. गूळ हा देखील साखरेचाच प्रकार आहे. नारळ उत्तम खरा. परंतु रोजच्या रोज भरपूर वाटण व वर तळण, हें शेतांत राबणाऱ्या शरीरास एक वेळ पचेल, ओटीवर बसून राहणाऱ्यास नाहीं. तळून उरलेलें तेल पुनः पुनः तापविणें हें घरींही तितकेंच वाईट.

पेयाच्या बाबतींत कोंकणी मनुष्यानें बाटलीकडे वळावें याचें आम्हांस विशेष नवल वाटतें. पिकलेले रातांबे फोडून बिया काढाव्या, सालें उन्हांत वाळवावीं, त्याच फळांच्या रसांत मीठ घालून तीं पुनः पुनः भिजवून वाळवावीं, कीं आमसुलें तयार होतात. रसांत मीठ घालून ठेविलें कीं आगळ होतें. आगळ व नारळाचें दूध यांची सोलकढी, किंवा थोड्या साखरेचें सरबत, हें पाहुण्यास देण्यांत कमीपणा कसला? बियांपासून मुठेल निघतें तें वेगळेंच. फळें पिकण्याच्या सुमारास पाऊस येऊन माल वायां जातो ही अडचण खरी आहे. तिच्यासाठीं १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण अमृता’ हा पावसापूर्वीं पिकणारा वाण दिला आहे. नवी झाडें लावणारांनीं त्याची कलमें मागवावीं.

हे कष्ट कोणी करावयाचे ?

आतां खरा अडचणीचा प्रश्न. घरच्या अन्नाची महती गाणारे बहुधा स्वतः चुलीपाशीं बसलेले नसतात. पहांटे उठून दळणें, कांडणें, पाणी भरणें, मग शेतावर जाणें व पुनः संध्याकाळीं धुरांत बसणें, हें आमच्या आज्यांनीं व आयांनीं केलें, तें आनंदानें केलें असें नाहीं. करावें लागलें म्हणून केलें. त्यांचे गुडघे व डोळे त्याची साक्ष देत. तेव्हां पुड्यांच्या अन्नापासून सुटका व्हावी म्हणून घरांतील स्त्रीस पुनः जात्यास जुंपणें, हा उपाय नव्हे. सून पाकीट फोडते म्हणून तिला दोष देणाऱ्या सासऱ्यानें आपण त्या वेळांत काय करीत होतों, हें आधीं स्वतःस विचारावें.

उपाय असा कीं यंत्रानें जें होतें तें यंत्रास करूं द्यावें, व उरलेलें काम वांटून घ्यावें. घरगुती चक्की, वाटणाचें यंत्र व दाबाचा कुकर यांनीं जात्याचे, पाट्याचे व सरपणाचे कष्ट पुष्कळ वांचतात, आणि त्यांच्या योगें अन्नाचा कस जात नाहीं. गिरणीवर भात नेणें-आणणें, नारळ सोलणें व खोवणें, रातांबे फोडणें, कडधान्य पाखडून ऊन दाखविणें, मासळी साफ करणें, हीं कामें पुरुषांनीं व थोरल्या मुलांनीं आपल्याकडे घ्यावीं. नाचणीचें सत्त्व, मेतकूट, कुळथाचें पीठ व मसाला हीं चार घरांनीं मिळून महिन्यांतून एक दिवस केलीं, तर प्रत्येक घरीं डबे भरलेले राहतात, आणि डबा भरलेला असला म्हणजे दमलेलें माणूस सहसा दुकानाकडे धांवत नाहीं. वृद्ध जोडप्यांच्या घरीं तर शेजाऱ्यांनीं अशा कामांत त्यांचा वांटा आपण होऊन धरावा.

वर्षाचा हिशेब

शेवटीं आकड्यांचा भाग. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जीं आहारविषयक मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत दिवसास २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठीं सुमारें २५० ग्रॅम धान्य व ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें सांगितलीं आहेत. आपल्या ताटांत भाताचा ढीग याहून मोठा व कडधान्याची वाटी याहून लहान असते, हें प्रत्येकानें आपल्याशींच ताडून पाहावें. मेहनतीचें काम करणाऱ्यास अर्थातच अधिक लागेल.

या प्रमाणानें पांच माणसांच्या घरीं वर्षास सुमारें ४५५ किलो धान्य व १५५ किलो डाळी-कडधान्यें लागतात. धान्यापैकीं १०० किलो नाचणी धरली तर ३५० किलोंच्या आसपास तांदूळ हवा. हलका हात दिलेला तांदूळ भाताच्या शेंकडा ७० निघेल असें धरल्यास त्यासाठीं ५०० किलो भात पुरे होतें. हेक्टरीं ३० क्विंटल उत्पन्न धरलें, म्हणजे गुंठ्यास ३० किलो, तर याकरितां सुमारें १७ गुंठे खलाटी लागेल. सुधारलेलें बियाणें, उदाहरणार्थ रत्नागिरीजवळील शिरगांवच्या संशोधन केंद्राचे ‘रत्नागिरी’ नांवाचे वाण, व वेळेवर लावणी असल्यास हें उत्पन्न आवांक्याबाहेरचें नाहीं. नाचणी हेक्टरीं १० क्विंटल धरल्यास तिला १० गुंठे वरकस जमीन पुरेल. भात निघालेल्या त्याच १७ गुंठ्यांत कुळीथ, वाल व चवळी घेतलीं आणि गुंठ्यास पांच किलो पदरीं पडले, तर ८५ किलो कडधान्य होतें, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून अधिक. उरलेली तूर व हरभरा विकत घ्यावा. पुढील वर्षाचें बियाणें व नासाडीचा भाग यांकरितां थोडें अधिक धरावें.

सारांश, पांच माणसांच्या कुटुंबाचें बहुतेक धान्य व निम्मीं कडधान्यें यांस सत्तावीस गुंठे जमीन लागते. ज्यांची याच्या दुप्पट-तिप्पट जमीन पड आहे अशीं घरें या जिल्ह्यांत थोडीं नाहींत. सगळ्या वरकस जमिनीस रानडुकरांपासून कुंपण घालणें एकट्यास परवडत नाहीं. परंतु दहा गुंठ्यांचे चार तुकडे लागून असतील तर चौघांस मिळून तें परवडतें व राखणही पाळीपाळीनें करतां येते.

तरी आमची वाचकांस विनंति अशी आहे कीं, येत्या हंगामांत पीक खळ्यांत आलें म्हणजे व्यापाऱ्यास बोलावण्यापूर्वीं एक दिवस घरांतील सर्वांनीं, विशेषतः जी स्वयंपाक करते तिनें, एकत्र बसावें. वर्षास काय किती लागतें तें कागदावर मांडावें, तेवढें भात, नाचणी व कडधान्य मोजून कणगींत व डब्यांत भरावें, कोणतें काम कोण करणार तें ठरवावें, आणि मग उरलेलें विकावें. विकून उरलेलें खाण्याऐवजीं खाऊन उरलेलें विकण्याचा हा क्रम एक वर्ष पाळून पाहावा, व दुकानाच्या वहींत आणि औषधाच्या खर्चांत काय फरक पडला तें वर्षअखेर ज्याचें त्यानें पडताळून पाहावें.